दुसऱ्या बाराचा हिशेब

१७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्सजवळच्या मार्कोपुलो नेमबाजी केंद्रात राज्यवर्धनसिंह राठोड डबल ट्रॅपच्या स्पर्धेत उतरले. या प्रकारात नेमबाजाने हाक दिली, की समोरच्या खंदकातून दोन तबकड्या एकदमच सुटतात आणि वेगवेगळ्या वाटांनी दूर पळू लागतात. प्रत्येकीसाठी एकच काडतूस. पहिली फोडायची, त्याच दमात नळी वळवायची आणि दुसरी आवाक्याबाहेर जाण्याआधी गाठायची. राठोड यांनी २०० पैकी १७९ तबकड्या फोडल्या. संयुक्त अरब अमिरातीच्या अहमद अल मक्तूम यांच्या १८९ झाल्या आणि तिसऱ्या आलेल्या चीनच्या वांग झेंग यांच्या १७८. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक रौप्यपदक असं शॉटगनच्या खेळातून आलं.

शॉटगन कोणती घ्यावी, या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुतेकदा कंपन्यांची नावं, किंमती आणि नक्षीकामाचं कौतुक ऐकायला मिळतं. पण आज शॉटगनचे जे प्रकार दिसतात, ते सगळे एकाच अडचणीतून जन्मले आहेत. पहिला बार चुकला किंवा समोर आणखी एक लक्ष्य आलं, तर पुढचा बार किती लवकर आणि कसा निघणार? ही अडचण समोर ठेवली, की दुनळी, पंप आणि अर्धस्वयंचलित बंदुकीतला फरक उलगडतो आणि कोणाच्या हाती काय असावं हेही समजू लागतं.

रायफलच्या नळीत आतून पीळ असतो आणि तिच्यातून एक गोळी फिरत जाते. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून शिशाच्या छर्‍यांचा पुंजका बाहेर पडतो. ऑलिम्पिकच्या नियमाप्रमाणे एका काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे भरता येतात. स्कीट या तबकड्यांच्या खेळासाठीचे २ मिलिमीटरचे छर्रे घेतले तर त्यात साधारण पाचशे दाणे मावतात. ट्रॅपसाठीचे २.४ मिलिमीटरचे घेतले तर तीनशेच्या आसपास. 'बोअर'चा आकडाही याच जुन्या हिशेबातला आहे. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, की ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीसचा १५.६ आणि अठ्ठावीसचा १४.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजूनही आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा घालायचा, छर्रे सोडायचे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं आणि मागे टोपी बसवायची. एवढं सगळं होईपर्यंत काजूच्या बागेत घुसलेलं रानडुक्कर दुसऱ्या डोंगराला लागलेलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातल्या शिकाऱ्याची अवस्था याहून वेगळी नव्हती. दुसरा बार हवा असेल तर दोन नळ्या शेजारी शेजारी जोडणं, एवढाच उपाय होता. पॅरिसच्या कासिमीर लफोशोने १८३०च्या दशकात मधोमध मोडणारी, मागून काडतूस भरता येणारी बंदूक बनवली आणि १८५१च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात ती इंग्लिश कारागिरांनी पाहिली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्यांनी ती जवळपास परिपूर्ण केली. १८७५मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली या दोघांनी घोडे आत दडवलेली, बंदूक मोडताना आपोआप ताणली जाणारी यंत्रणा आणली. आजच्या कित्येक दुनळ्यांच्या पोटात तिचाच वारसा आहे.

आडवी दुनळी, म्हणजे शेजारी शेजारी नळ्यांची, हिचा मोठा गुण तिच्या हलकेपणात आहे. चांगली इंग्लिश दुनळी तीन किलोच्या आसपास असते. दिवसभर माळरानावर चालायचं, पक्षी अचानक पायाखालून उठायचा आणि बंदूक एका हालचालीत खांद्याला यायची, यासाठी ती घडली. स्कॉटलंडच्या ग्राउज शिकारीत तर एकसारख्या दोन बंदुकांची जोडी वापरत. मालक एक उडवी, तोवर मागचा माणूस दुसरी भरून हातात देई. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यांकडे हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या मागण्याही सतत जात.

तिच्या दुसऱ्या गुणाकडे मात्र नवखा माणूस बघतच नाही. दोन नळ्या म्हणजे दोन वेगळे चोक. नळीचं तोंड किंचित आवळलं की छर्‍यांचा पसारा उशिरा फाकतो. या आवळण्याला चोक म्हणतात. १८६०-७०च्या दशकांत इंग्लंडमध्ये पेप आणि ग्रीनर या बंदूककारांनी आणि अमेरिकेत फ्रेड किंबलसारख्या बदकांच्या शिकाऱ्यांनी ही युक्ती रुजवली. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात मोकळ्या नळीचे सुमारे ४० टक्के छर्रे पडतात आणि पूर्ण चोकाचे सुमारे ७० टक्के. हा सगळा फरक एका मिलिमीटरच्या आसपासच्या अरुंदपणाने पडतो. पक्षी दूर जात असेल तर पहिल्या बारापेक्षा दुसऱ्या बाराच्या वेळी तो आणखी दहा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून पहिली नळी मोकळी, दुसरी आवळलेली. एका नळीच्या कुठल्याही बंदुकीला ही सोय दोन बारांच्या मधल्या क्षणात देता येत नाही.

अमेरिकेतली परिस्थिती निराळी होती. तिथे नोकरचाकर नव्हते, बदकांचे थवे प्रचंड होते आणि सामान्य शेतकऱ्याला परवडेल अशी बंदूक हवी होती. १८८२मध्ये क्रिस्टोफर स्पेन्सर यांची पंप बंदूक बाजारात आली. नळीखालचा दांडा मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढे ढकलला की नवं आत बसतं. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी विंचेस्टरसाठी केलेलं १८९७चं मॉडेल पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांत वापरलं. त्याची जर्मन सैन्याने इतकी धास्ती घेतली, की सप्टेंबर १९१८मध्ये जर्मनीने युद्धनियमांचा भंग म्हणून अधिकृत निषेध नोंदवला. अमेरिकेने तो फेटाळला. १९५०मध्ये आलेली रेमिंग्टन ८७० आजवर एक कोटीहून जास्त विकली गेली आहे. भारतात तिरुचिरापल्लीच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यातही बारा बोअरची पंप बंदूक बनते.

पंप स्वस्त असते, धूळ-चिखल सहन करते आणि हलक्या-जड कुठल्याही काडतुसावर चालते, कारण तिचं चक्र माणसाच्या हाताने फिरतं. पण प्रत्येक बारानंतर नळी हलते, नेम मोडतो आणि तो पुन्हा बसवावा लागतो. घाईत दांडा पुरता मागे न ओढला गेला, तर काडतूस अडकतं. ऑलिम्पिकच्या शॉटगन स्पर्धांत तर पंप बंदुकीला नियमानेच मज्जाव आहे. त्यामुळे पुढे स्पर्धेत उतरायचं मनात असलेल्याने पंपावर पैसे घालू नयेत.

हाताने करायचं हे काम बंदुकीच्या धक्क्याकडूनच करून घ्यावं, ही कल्पनाही ब्राउनिंग यांचीच. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनी अर्धस्वयंचलित शॉटगन घडवली. विंचेस्टरशी त्यांचं वर्षानुवर्षांचं नातं होतं. या शोधासाठी मात्र त्यांनी एकरकमी मोबदल्याऐवजी विक्रीवर मानधन मागितलं आणि विंचेस्टरने नकार दिला. मग ते रेमिंग्टनकडे गेले. ८ जानेवारी १९०२ रोजी ते तिथल्या कार्यालयात थांबले असतानाच, अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचं हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाल्याचं त्यांना कळलं. ब्राउनिंग आपला नमुना घेऊन बेल्जियमला गेले आणि लिएजजवळच्या एफएन कारखान्यात ऑटो-५ तयार होऊ लागली. हे मॉडेल १९९०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालू राहिलं.

आजच्या अर्धस्वयंचलित बंदुका मुख्यतः दोन तऱ्हांच्या. एकीत नळीतला थोडा वायू बाजूला काढून त्याच्या दाबावर यंत्रणा चालते. १९६३ची रेमिंग्टन ११०० हे तिचं गाजलेलं उदाहरण. दुसरीत, बेनेली या इटालियन कंपनीच्या पद्धतीत, धक्क्याच्या जडत्वावर कुलूप उघडतं. वायूवर चालणाऱ्या बंदुकीत धक्का थोडा लांबवर पसरतो आणि खांद्याला मवाळ लागतो. दिवसाला शंभर-सव्वाशे काडतुसं उडवणाऱ्याला हे वरदानच वाटतं. पण वायूबरोबर काजळीही येते आणि ती वेळच्या वेळी साफ करावी लागते. जडत्वावरची स्वच्छ राहते, मात्र धक्का जास्त देते आणि अगदी हलक्या काडतुसांवर कधीकधी अडते. दोन्हींत नळी एकच, म्हणून चोकही एकच.

मग सर्वोच्च स्पर्धांत उभी दुनळीच का दिसते? उभी म्हणजे एकीवर एक नळ्यांची. तिचा आधुनिक साचा १९०९मध्ये लंडनच्या बॉस अँड कंपनीने घडवला, पण ती होती मोजक्या श्रीमंतांची. ती सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचं काम पुन्हा ब्राउनिंग यांनीच हाती घेतलं आणि त्यावर काम चालू असतानाच १९२६मध्ये लिएजच्या कारखान्यात त्यांचं निधन झालं. मुलगा व्हॅल याने ते पुरं केलं आणि १९३१मध्ये ब्राउनिंग सुपरपोज्ड बाजारात आली.

उभ्या दुनळीत वरून पाहिलं तर डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी असते. आडवीत दोन नळ्यांची रुंदी नजरेत येते. लक्ष्य खाली-वर होत असेल तर रुंद नळ्या त्याला झाकतात. शिवाय आडवीची उजवी किंवा डावी नळी उडाली की बंदूक त्या बाजूला थोडी सरकते. उभीची खालची नळी दस्त्याच्या रेषेजवळ असते, त्यामुळे धक्का सरळ मागे येतो आणि नळीचं तोंड कमी उसळतं. म्हणून नेमबाज बहुधा पहिला बार खालच्या नळीतून काढतो. दुसऱ्या बारासाठी डोळा तबकडीवरून हलवावाच लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि या लेखकाच्या मते निवडीत तिला किंमतीच्याही वर स्थान द्यायला हवं. मोडणारी बंदूक उघडी असली, की ती रिकामी आहे हे पंधरा पावलांवरूनही दिसतं. नेमबाजीच्या मैदानावर बंदूक उघडी ठेवूनच ने-आण करायची, हा नियम जगभर आहे. पंप किंवा अर्धस्वयंचलित बंदुकीत किती काडतुसं उरली आहेत, हे बाहेरून कळत नाही. प्रत्येक वेळी आत डोकावून खात्री करावी लागते. शिकाऊ मुलं जिथे असतात तिथे हा फरक फार मोठा आहे.

उभ्या दुनळीचं आजचं घर इटलीतल्या ब्रेशा परिसरात आहे. गार्दोने व्हाल त्रोम्पियात बेरेट्टा कुटुंब १५२६पासून नळ्या घडवत आलं आहे. जवळच्याच बोत्तिचिनोत दानिएले पेराझ्झी यांनी १९५७मध्ये छोटा कारखाना काढला. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये एनिओ मात्तारेल्ली यांनी त्यांच्या बंदुकीने २०० पैकी १९८ तबकड्या फोडून ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं आणि पेराझ्झीचं नाव जगभर झालं. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी घडवलेल्या एमएक्स-८मध्ये चापाची सगळी यंत्रणा काढून दुसरी बसवता येत होती. स्पर्धेच्या ऐन मध्यावर स्प्रिंग तुटली, तरी नेमबाज काही क्षणांत पुन्हा उभा राही.

खेळ कोणता, यावरही पुष्कळ ठरतं. ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे १५ मीटरवर खंदक असतो, त्यात पंधरा यंत्रं असतात आणि तबकडी कुठल्या कोनातून सुटेल हे आधी कळत नाही. ११ सेंटिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची ती तबकडी ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने दूर जाते. तिच्यासाठी दोन काडतुसं मिळतात, पण अंतिम फेरीत एकच. इथे बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. म्हणून ट्रॅपची बंदूक जड, लांब नळीची, आवळलेल्या चोकांची असते. तबकडी वर चढत असल्याने ती मुद्दाम किंचित वर मारेल अशी बेतलेली असते.

स्कीटचा जन्म १९२०च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. चार्ल्स डेव्हिस यांनी पक्ष्यांच्या शिकारीचा सराव म्हणून पूर्ण वर्तुळावर उभं राहून तबकड्या फोडायचा खेळ काढला. शेजारी कुक्कुटपालन सुरू झालं, छर्रे तिकडे जाऊ लागले, तेव्हा वर्तुळ अर्धं करून समोरासमोर दोन घरं उभारावी लागली. स्कीटचं मैदान आजही तसंच अर्धवर्तुळाकार आहे. तबकड्या जवळून, वीसेक मीटरवरून आडव्या जातात. छर्‍यांना तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळात तबकडी सव्वा मीटरच्या आसपास पुढे सरकते, म्हणून नेम तिच्यापुढे धरावा लागतो. ऑलिम्पिक स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी ठेवायचा असतो. साहजिकच स्कीटची बंदूक चपळ आणि मोकळ्या चोकाची हवी. ट्रॅपची आवळलेली नळी घेऊन स्कीटला उभा राहणारा शिकाऊ तबकड्यांऐवजी निराशाच गोळा करतो.

नवख्याला लहान बोअर द्यावी, हा समज सगळीकडे आढळतो. पॉइंट चारशे दहाची सडपातळ बंदूक हातात हलकी वाटते खरी. पण तिच्यात छर्रे फार कमी मावतात, पसारा विरळ होतो आणि बरोबर नेम धरूनही तबकडी शाबूत जाते. ती बंदूक कसलेल्या माणसाची आहे. शिकणाऱ्या किशोराला किंवा सडपातळ बांध्याच्या स्त्रीला वायूवर चालणारी वीस बोअर किंवा हलक्या काडतुसांसह पुरेशा वजनाची बारा बोअर जास्त साथ देते. बंदूक हलकी घेतली की खांद्यावरचा धक्का वाढतो आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटायची सवय एकदा लागली, की ती मोडायला महिने जातात.

या सगळ्याच्या वर आहे ते बंदुकीचं माप. शॉटगनला मागचा नेमकाटा नसतो. नेमबाजाचा डोळाच तिथे असतो आणि तो कुठे येणार हे दस्ता ठरवतो. दस्त्याची लांबी, गाल टेकतो त्या भागाची उंची, डावी-उजवीकडचा किंचित वाक या गोष्टी शिंप्याने घेतलेल्या मापासारख्या अंगाला बसाव्या लागतात. डोळ्यापासून नळीचं तोंड साधारण एक मीटरवर असतं. गाल तीन मिलिमीटर वर राहिला, तर पस्तीस मीटरवर छर्‍यांचा मध्य दहा सेंटिमीटरने वर जातो. इंग्लिश कारागीर यासाठी प्रत्येक सांधा हलवता येईल अशी मापाची बंदूक ठेवतात आणि गिऱ्हाइकाला ती उडवायला लावून आकडे टिपून घेतात. आपला कोणता डोळा प्रबळ आहे, हेही आधी तपासावं. उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर महागातली महाग बंदूकही बाजूला मारत राहते. अमेरिकेच्या किम ऱ्होड यांनी आपल्या पहिल्या चारही ऑलिम्पिकमध्ये, आधी डबल ट्रॅप आणि मग स्कीट, अशी एकच पेराझ्झी वापरली. २००८मध्ये ती चोरीला गेली, तेव्हा त्यांना झालेलं दुःख आणि काही महिन्यांनी ती सापडल्याचा आनंद अंगाला बसलेली बंदूक वापरलेल्या कुणालाही समजेल.

भारतात निवडीला आधी कायद्याची चौकट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद संपला. मोजक्या परिस्थितीत, वनखात्याच्या परवानगीने, पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरावर बंदूक चालवता येते, तेवढीच. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. परदेशी बंदूक मागवण्याची मुभा नामवंत नेमबाजांना आहे, इतरांना देशी कारखान्यांतली किंवा इथेच फिरणारी जुनी बंदूक बघावी लागते. काडतुसांसाठी मात्र लांब जायला नको. १८६९पासून चालू असलेल्या पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसंही बनतात.

सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला उभी इटालियन दुनळी किंवा पाच काडतुसांची पंप नको असते. झाडीत, पावसात, वर्षातून मोजक्या वेळा उडणारी, गंज लवकर न धरणारी आणि गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येईल अशी साधी एकनळी किंवा आडवी दुनळी त्याच्या कामाची. दोन नळ्यांत दोन जातींची काडतुसं ठेवता येतात, एक आवाजाने पांगवण्यासाठी हलकं आणि एक परवानगी असेल त्या प्रसंगासाठी जड. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि भात, केळी, काजूचा हंगाम नेमका त्यात सापडला, तर कोकणात आणि गोव्यात शेतकरी हवालदिल होतात. ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर तोडगा निघायला हवा.

जुनी बंदूक घेणाऱ्याने आणखी एक बघावं. युरोप-अमेरिकेत शिशाच्या छर्‍यांवर बंधनं वाढत आहेत. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१पासून देशभर शिसं बंद केलं, युरोपीय संघाने पाणथळ जागांत २०२३पासून. पोलादी छर्रे शिशाहून हलके आणि कडक असतात. जुन्या, पातळ, घट्ट चोकाच्या नळीला ते इजा करू शकतात. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने आजोबांच्या काळातली सुंदर इंग्लिश दुनळी हौसेने घेतली, तरी तिथल्या कारागिराकडून नळ्यांची जाडी आणि प्रमाणनाचे शिक्के तपासून घेतल्याशिवाय काडतूस आत घालू नये.

बंदूक हातात आली की पहिलं काम कागदाचं. परवानगी असलेल्या मैदानावर मीटर-सव्वा मीटरचा कोरा कागद उभा करायचा, ज्या अंतरावर प्रत्यक्ष मारायचं आहे त्या अंतरावरून मध्यावर एक बार काढायचा, मग छर्‍यांच्या दाट भागाभोवती ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ आखून आतली भोकं मोजायची. त्या भोकांची काडतुसातल्या एकूण छर्‍यांशी टक्केवारी काढली, की चोक खरोखर किती आवळतो ते कळतं आणि वर्तुळाचा मध्य खुणेपासून कुठे सरकला आहे, यावरून दस्त्याचं मापही समजतं. दोन्ही नळ्यांसाठी, प्रत्येक जातीच्या काडतुसासाठी हे वेगळं करायचं आणि एका कागदावर थांबायचं नाही. पाच-सहा तरी कागद लागतात, कारण एकाच पेटीतली दोन काडतुसंही अगदी सारखा पसारा देत नाहीत.